चावडीवर वाचता येईल अशी माहिती खुली करा : मुख्य सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
मा. संचालक, अर्थ व सांख्यिकी संचालनालय, मुंबई

विषय : शासकीय माहिती खुली करताना ती ज्यांच्याविषयी आहे त्यांना वाचता येण्याबाबत आणि तिच्यावर हरकत घेता येण्याबाबत.

महोदय,

महाराष्ट्रात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. मंडळ अतिवृष्टीत बसले की पंचनामे सुरू होतात आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर भरले की मदतीच्या यादीत नाव येते. हा पाऊस शेतकऱ्याच्या बांधावर मोजत नाहीत. तो महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर मोजतात, आणि एका मंडळात दहा-पंधरा, कुठे त्याहूनही जास्त गावे असतात. मंडळाच्या एका टोकाला रात्रभर कोसळून सोयाबीन पाण्यात उभे राहते आणि यंत्र असलेल्या गावात त्याच रात्री ६१ मिलिमीटर भरतो. मग ज्याचे पीक सडले तो विचारतो, आमच्याकडे पाऊस कमी झाला हे ठरवले कोणी?

मी मराठवाड्यातल्या शेतकरी गटांबरोबर पाऊस, विहिरींची पातळी आणि पीकविम्याच्या आकड्यांवर काम करते, त्यामुळे हा प्रश्न दर पावसाळ्यात कानावर येतो. त्याचे निम्मे उत्तर शासनाने दिलेले आहे. २०१७ पासून महावेध प्रकल्पातून राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. कृषी विभागाच्या संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस पाहता येतो. हे काम मोठे आहे आणि मी ते मनापासून मानते. पण यंत्र मंडळात नेमके कुठे बसवले आहे, मोकळ्यावर आहे की झाडाच्या आडोशाला, शेवटचे कधी तपासले, गेल्या मोसमात किती दिवस बंद होते, बंद दिवसांचे आकडे कुठून आणून भरले, यातले काहीच त्या पावसाच्या तक्त्यात नसते. शेतकऱ्याला आकडा मिळतो, आकड्याशी भांडायचे साधन मिळत नाही.

खुल्या शासकीय माहितीबद्दल माझे सगळे म्हणणे इथेच येऊन थांबते. केंद्राचे माहिती खुली करण्याचे धोरण २०१२ चे आहे. त्याच वर्षी राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले आणि २०१७ मध्ये ही माहिती कोणालाही वापरू देणारा परवानाही निघाला. इतक्या वर्षांत किती तक्ते चढवले याचा हिशेब आपण ठेवला. ज्याच्याविषयी तक्ता आहे त्याला तो वाचता आला का, आणि चूक सापडल्यावर दाद कुठे मागायची हे त्याला कळले का, हा हिशेब कोणी ठेवला नाही.

असा हिशेब कसा ठेवायचा हे आपल्या महसूल खात्याला ठाऊक आहे. संगणकावर चढवलेले सातबारा आणि हस्तलिखित उतारे यांच्यात तफावत निघाली तेव्हा याच शासनाने २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन घेतले. तलाठ्याने उतारे वाचायचे, खातेदारांनी ऐकायचे. नाव चुकले, क्षेत्र चुकले, वारस सुटला, सोसायटीचे कर्ज फिटूनही इतर हक्कातला बोजा तसाच राहिला, तर तिथेच सांगायचे. लेखनातल्या चुका जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्त व्हायच्या. पुढच्या वर्षी १ मे २०१८ ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला, जो आज १५ रुपये भरून कुठूनही काढता येतो. सगळ्या गावांत ते वाचन सारख्या मनाने झाले असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी सह्या घेऊन उरकले. तरी क्रम बरोबर होता : आधी गावासमोर वाचा, चुका घ्या, दुरुस्त करा, मग सगळ्यांसाठी खुले करा. त्यानंतरच्या बहुतेक पोर्टलांनी आणि डॅशबोर्डांनी हा क्रम सोडून दिला.

क्रम सोडला की काय होते ते शेजारच्या कर्नाटकात दिसले आहे. तिथल्या ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे दोन कोटी जमीन नोंदी संगणकावर आल्या. गावच्या लेखापालाची वही गेली, तालुक्याच्या खिडकीवर पैसे भरले की उतारा हातात, अशी सोय झाली आणि जगभर कौतुक झाले. २००७ मध्ये बंगळुरूच्या अभ्यासकांनी प्रत्यक्ष फिरून पाहिले तेव्हा निराळेच चित्र समोर आले. कोणत्या गावात कुणाची किती जमीन, कुठे नोंद कच्ची, कुठे भाऊबंदकीचा वाद, हे एका जागी बसून कळू लागल्यावर त्याचा मोठा फायदा जमिनी गोळा करणाऱ्या बड्या लोकांनी उचलला होता. लहान शेतकऱ्याकडे ना संगणक, ना वकील, ना तालुक्याला खेपा घालण्यासाठी मोडायला रोजगाराचे दिवस. नोंदी दोघांनाही सारख्याच खुल्या होत्या. महाराष्ट्रात आज महामार्ग, औद्योगिक क्षेत्रे आणि शहरांच्या हद्दवाढी ज्या वेगाने चालू आहेत ते पाहता, आराखड्याचा नकाशा गावाच्या आधी दलालाच्या मोबाइलवर पोहोचणे ही आपल्याकडेही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. म्हणून खुली माहिती आपोआप गरिबाच्या बाजूने उभी राहते हे मी मानत नाही. तिला त्या बाजूला उभे करावे लागते, आणि ते काम शासनाचे आहे.

यावर अनेकदा ऐकायला मिळते की माहितीचा अधिकार आहे ना, अर्ज करा. महाराष्ट्राने तर केंद्राच्या आधी, २००२ मध्येच हा कायदा केला. पण २००५ च्या केंद्रीय कायद्याचा भर अर्जावर नाहीच. कलम ४(१)(ख) मध्ये १७ बाबी कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या आहेत, आणि अर्ज करायची वेळ लोकांवर कमीत कमी यावी, असे कलम ४(२) सांगते. प्रत्यक्षात किती तरी कार्यालयांच्या संकेतस्थळांवर या १ ते १७ बाबींच्या जुन्या फायली पडून आहेत आणि त्यांत बदली होऊन गेलेल्या साहेबांचे नाव आजही जनमाहिती अधिकारी म्हणून आहे.

अर्ज करावा लागणे ही नुसती गैरसोय नसते. ओळखीतल्या एका तरुणाने गावातल्या रस्त्याच्या कामाचे मोजमाप पुस्तक मागितले होते. डांबराचा थर किती धरला आहे आणि देयक किती मीटरचे निघाले, एवढेच त्याला ताडून पाहायचे होते. अर्ज दिला आणि त्याच आठवड्यात ठेकेदाराचा फोन त्याच्या वडिलांना आला. शिवीगाळ नाही, धमकी नाही. ‘पोराला समजावा, उद्या तुमच्याच वस्तीचं काम आहे’ एवढेच बोलणे. पोराने अर्ज मागे घेतला. त्याने काय मागितले आहे हे ठेकेदाराला कळले कसे, हे विचारायची सोयही राहिली नाही. याचे टोक आपण पाहिले आहे : १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी सकाळी फिरायला गेले असताना त्यांची हत्या झाली. जमिनींचे गैरव्यवहार ते माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. मोजमाप पुस्तक, अंदाजपत्रक आणि देयके काम चालू असतानाच आपोआप जाहीर होत असती, तर विचारणारा कोण हे कळण्याचा मार्गच बंद झाला असता. खुल्या माहितीच्या बाजूने जितके मुद्दे मांडले जातात त्यांत माझ्या लेखी हा सगळ्यांत मोठा आहे. ती अर्जदाराला गर्दीत मिसळू देते.

दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जिल्हा पातळीवरची कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांतल्या फायली विनामूल्य पाहू द्याव्यात, असा चांगला निर्णय शासनाने २०१८ मध्ये काढला. पुणे महापालिकेत ती पद्धत आधीपासून होती. पण तिथेही माणसाला स्वतः जावे लागते आणि ओळख द्यावी लागते.

आता नावांबद्दल. उघडे काय ठेवावे आणि झाकावे काय, याची आपल्याकडे उलटापालट झाली आहे. २०१७ मध्ये एका अभ्यासात दिसले की केवळ चार सरकारी पोर्टलांवरून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघडे पडले होते, त्यांतल्या कितीतरी लोकांच्या बँक खात्यांसह. ही माणसे कोण होती? निराधार निवृत्तिवेतन घेणाऱ्या म्हाताऱ्या बाया, रोजगार हमीवरचे मजूर. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मग २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला आणि त्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, व्यापक जनहित आहे का, हे अधिकाऱ्याला पाहावे लागे. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे स्पष्ट शब्द तिथे होते. बदललेल्या कलमात ते नाहीत. कलम ८(२) खाली जनहिताचा दरवाजा अजून आहे, पण तो उघडायचा की नाही हे आधी कार्यालयच ठरवणार. बोगस जात प्रमाणपत्र, खोटा अनुभवाचा दाखला, एकाच घरात गेलेली चार घरकुले, या सगळ्यांत कुणाचे तरी नाव असतेच, आणि आता नाव असणे हेच नकाराचे कारण होऊ शकते.

माझी कसोटी अशी आहे. ज्या कागदात अधिकार आणि पैसा दिसतो तो नावासह सगळ्यांना खुला : ठेकेदार, देयक, मंजुरीची सही, बदली, निविदा. ज्या कागदात दुबळा माणूस दिसतो तो गावात नावासह वाचावा, बाहेर नावाशिवाय जावा. रोजगार हमीचा हजेरीपट घ्या. तो गावात मोठ्याने वाचलाच पाहिजे, कारण पुण्याला साखर कारखान्यावर गेलेल्या माणसाची गावातली हजेरी कुणी भरली हे गावालाच कळते. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये कोटकिराना गावी पहिली जनसुनावणी घेतली तेव्हा नेमके हेच केले, सरकारी कागद लोकांसमोर वाचला. पुढे माहिती अधिकाराच्या चळवळीने तिथेच जोर धरला आणि २०१९ मध्ये त्या राज्याने जन सूचना पोर्टल काढले. पण हजेरीपट गावात वाचायचा म्हणून त्यातले खाते क्रमांक आणि मोबाइल जगासमोर मांडायचे काहीच कारण नाही.

काही माहिती खुली होऊन पुन्हा बंद झाली आहे, आणि तिची गोष्ट आपल्या संचालनालयाला चांगली ठाऊक आहे. २०११-१२ च्या महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत एक आकडा छापून आला. दहा वर्षांत सिंचित क्षेत्राचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचे त्यातून दिसत होते. या काळात सिंचनावर झालेल्या सुमारे ७० हजार कोटींच्या खर्चाचा हिशेब लोक मागू लागले, सरकार हादरले, श्वेतपत्रिका काढावी लागली. आकड्यावर आक्षेपही आले. विहिरींवरचे सिंचन नीट मोजले गेले नाही, दोन खात्यांच्या व्याख्या जुळत नाहीत, हे आक्षेप ऐकण्यासारखे होते. ते ऐकून मोजणी सुधारायला हवी होती. त्याऐवजी पुढच्या अनेक पाहण्यांत त्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ असे छापून येऊ लागले. ज्या राज्यात दर दोन-चार वर्षांनी दुष्काळ पडतो त्या राज्याची शेती किती ओलिताखाली आहे हे राज्यालाच सांगता येऊ नये, याचा मला आजही संताप येतो. एक आकडा छापला गेल्यामुळे अडचण झाली म्हणून तो रकानाच रिकामा ठेवण्याची सवय लागली, तर कोणताही प्रामाणिक सांख्यिकी अधिकारी यापुढे गैरसोयीचा आकडा वर पाठवणार नाही. माझी मागणी साधी आहे : जिथे ‘उपलब्ध नाही’ छापायचे तिथे का नाही, कोणत्या खात्याकडून आले नाही आणि कधी येणार, हे त्याच पानावर छापा.

आकडे भरणाऱ्यांचाही विचार करा. पोषणाचे सगळे डॅशबोर्ड ज्यांच्या बोटांवर चालतात त्या अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये राज्यभर सरकारी मोबाइल परत केले. फोन बंद पडत होते आणि ॲप इंग्रजीत होते. मुलाचे वजन मराठीत विचारायचे, इंग्रजीत भरायचे, आणि भरलेल्या माहितीतून आपल्या गावाचे काय दिसते हे त्यांना कोणी दाखवायचे नाही. ग्रामपंचायतीतले संगणक परिचालक तुटपुंज्या मानधनावर आज हे, उद्या ते पोर्टल भरत असतात. ज्याला आकड्याचा उपयोग दिसत नाही तो माणूस शेवटी रकाने भरून मोकळा होतो, आणि त्याला दोष देणे मला जमत नाही.

तांत्रिक गोष्टी थोडक्यात सांगते, कारण त्या अवघड नाहीत, फक्त कोणी हुकूम काढत नाही. तक्ता तिरका स्कॅन करून, त्यावर गोल शिक्का मारून चढवला तर तो संगणकाला वाचता येत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर कॉपी केला की निरर्थक अक्षरे उमटतात. सगळे युनिकोडमध्ये आणि स्प्रेडशीटमध्ये द्या. प्रत्येक ओळीत गावाचा संकेतांक द्या, नुसते नाव नको. पिंपळगाव बुद्रुक एका खात्यात ‘पिंपळगाव बु.’ असते, दुसऱ्यात निव्वळ पिंपळगाव, आणि तालुक्यात तीन पिंपळगावे असतात. त्यात पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळे झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. संकेतांक नसेल तर वीस वर्षांची मालिका या जोडांवर तुटते. कोविडच्या काळात देशभरातल्या स्वयंसेवकांनी राज्यांची रोजची पत्रके वाचून, हाताने आकडे भरून एक खुला तक्ता चालवला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये थांबवला. ते काम त्यांच्यावर यायलाच नको होते.

पुढे काय येणार आहे याची मला काळजी वाटते. शासनाकडची माहिती हा कमाईचा माल आहे, ही भाषा दिल्लीत बोलून झाली आहे. वाहनांच्या नोंदी एकगठ्ठा विकण्याचे धोरण केंद्राने २०१९ मध्ये आणले आणि २०२० मध्ये मागे घेतले. २०२२ च्या धोरण मसुद्यातही विक्रीची वाट होती, टीका झाल्यावर तो मसुदा बदलला. आता कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी पीक, पाऊस, माती, आरोग्य या सगळ्यांच्या मालिकांना मोठी मागणी येणार. ई-पीक पाहणीत २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करतो आहे. त्या नोंदींतून उद्या कुणी कर्जाची पत ठरवील, कुणी विम्याचा हप्ता, कुणी कांद्याची खरेदी कधी थांबवायची ते. ज्याने माहिती दिली त्याला ती कुठे गेली हे कळण्याचा हक्क राज्याने आजच लिहून द्यायला हवा. २०२७ च्या जनगणनेत जातींची मोजणीही होणार आहे. ते आकडे गावापर्यंत कोणत्या रूपात येतील, हे त्याआधी ठरायला हवे.

हे होण्यासारखे आहे, कारण एका गावात ते चालताना महाराष्ट्राने पाहिले आहे. हिवरे बाजारमध्ये गावातला पाऊस मोजतात, विहिरींची पातळी पाहतात, पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि रब्बीला काय पेरायचे ते त्यावरून ठरते. पाणी कमी तर गव्हाखालचे क्षेत्र कमी. तिथे आकड्यावर लोकांचा विश्वास आहे, कारण तो त्यांच्या डोळ्यांदेखत मोजला जातो. राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या हजारो निरीक्षण विहिरी आहेत, त्यांची पातळी वर्षातून अनेकदा घेतली जाते. ती ज्या गावच्या शिवारात घेतली जाते त्या गावातल्या बहुतेकांना आपल्याकडे अशी विहीर आहे हेसुद्धा माहीत नसते.

म्हणून विनंती अशी. येत्या १ मेच्या ग्रामसभेपासून मराठवाड्यातल्या कोणत्याही एका जिल्ह्यात सुरुवात करा. प्रत्येक गावात चार-पाचच गोष्टी वाचा : गेल्या खरिपात मंडळाच्या यंत्रावर नोंदलेला पाऊस आणि यंत्र बंद असलेले दिवस, जवळच्या निरीक्षण विहिरीची पातळी, रेशनला आलेले आणि वाटलेले धान्य, वर्षभरात गावात झालेल्या कामांची मोजमापे आणि देयके. वाचून झाल्यावर हरकती लेखी घ्या, तिथल्या तिथे पोच द्या, ३० दिवसांत उत्तर द्या. आणि जोवर उत्तर दिलेले नाही तोवर पोर्टलवरच्या त्या आकड्यापुढे ‘हरकत प्रलंबित’ असे दिसू द्या, म्हणजे मुंबईत तो आकडा पाहणाऱ्यालाही कळेल की गावाला तो मान्य नाही. यासाठी नवे पोर्टल लागत नाही. एक रकाना आणि एक शासन निर्णय लागतो.

ग्रामसेवकांवर आधीच कामाचे ओझे आहे, हे मला माहीत आहे. वाचायला, हरकती लिहून घ्यायला आणि त्या संगणकावर भरायला आमच्या गटांतली मुले-मुली यायला तयार आहेत, प्रवासखर्चसुद्धा नको. आपण जिल्हा निवडावा आणि तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांना पत्र द्यावे. त्या पत्राची एक प्रत गावच्या फलकावर लावायला सांगावे.

आपली नम्र,
मराठवाड्यातील एक नागरिक